अश्विनीचं कार्ड आणि अण्णांची वीज

माझे वडील वीज तयार करायचे.

असं सांगितलं की लोक जरा हसतात, पण ते खरं आहे. कुणाचे वडील शिक्षक असतात, कुणाचे वकील. आमचे अण्णा नाशिकरोडजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होते आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. घरात दिवा लागला की अण्णांच्या चेहऱ्यावर आपण पाठवलेली मनीऑर्डर पोचल्याचं समाधान दिसायचं. आई पंखा चालू ठेवून खोलीबाहेर गेली तरी ते कधी रागावले नाहीत. "असू दे, आहे आपल्याकडे," म्हणायचे.

मी सांगतोय तो काळ लोडशेडिंगचा. जिल्ह्यातल्या गावांत वीज घाईतल्या पाहुण्यासारखी उभ्या उभ्या येऊन जायची. आमच्या कॉलनीत मात्र ती सहसा जात नसे, आणि ही बातमी आमच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना होती. चेहेडीची मावशी भिजवलेली डाळ घेऊन यायची आणि वाटलेली डाळ घेऊन जायची. सिन्नरचे काका लग्नाला निघाले की वाट वाकडी करून आमच्याकडे यायचे, पँट इस्त्री करायचे, मग लग्नाला जायचे. चार्जिंगला लावलेले फोन तर इतके असायचे की कुठली रिंगटोन कोणाची हे आईला पाठ झालं होतं. अण्णा या सगळ्यांचं स्वागत एखाद्या संस्थानिकासारखं करायचे.

अशात एके दिवशी निफाडहून शांताराममामा आले, आणि त्यांनी आख्खा कॉम्प्युटर आणला.

शांताराममामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. द्राक्षबागायतदार, बोलायला कमी. त्यांनी पिकअपमधून द्राक्षाचे क्रेट उतरवले. एका क्रेटमध्ये कागदाच्या कातरणात बसवलेलं कॅबिनेट होतं, दुसऱ्यात कीबोर्ड, आणि मॉनिटर गोधडीत गुंडाळलेला. जन्मभर नाजूक माल लांबच्या मार्केटला पाठवलेला माणूस तो. द्राक्षाच्या मण्याला धक्का लागू द्यायचा नाही, ही त्यांची शिस्त कॉम्प्युटरलाही लागू झाली होती. मागोमाग अश्विनी उतरली. ही त्यांची एकुलती एक मुलगी, माझी मामेबहीण. नुकतीच आर्किटेक्ट झालेली.

"दाजी, पोरीला पयलं काम मिळतंय," मामा अण्णांना म्हणाले. "पण तिकडं लाइट टिकत नाय. काम झालं की नेतो तिला."

अण्णांनी छाती फुगवून सांगितलं की वीज लागेल तेवढी घ्या.

काम असं होतं. निफाडकडचे एक मोठे बागायतदार, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे, त्यांना आपल्या द्राक्षाच्या मळ्यात पाहुण्यांसाठी एक इमारत बांधायची होती. शहरातली माणसं येणार, बाग बघणार, वाइन चाखणार, मुक्काम करणार. (मामांना यातलं काहीच पटत नव्हतं. द्राक्षं बघायला माणसं लांबून गाडी करून येतील ही कल्पना त्यांना, कुणी त्यांचा ट्रॅक्टर बघायला तिकीट काढेल, इतकी अजब वाटत होती.) भाऊसाहेबांनी शहरातल्या एका नावाजलेल्या आर्किटेक्टकडूनही नकाशे मागवले होते. आमच्या अश्विनीकडे नाव नव्हतं, ऑफिस नव्हतं. तिच्याकडे एकच युक्ती होती. ती कॉम्प्युटरवर अख्खी इमारत उभी करणार होती आणि भाऊसाहेबांना बसल्या जागी तिच्यातून फिरवून आणणार होती. फाटकातून आत, व्हरांड्यातून दिवाणखान्यात, जिन्यावरून गच्चीवर. येत्या रविवारी सकाळी भाऊसाहेबांचं नाशिकरोडला काम होतं, तेव्हा ते आमच्याकडे डोकावणार होते.

आता या गोष्टीत मी येतो.

मी तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये होतो, पण घरात माझी ओळख वेगळी होती. मी कॉम्प्युटर हार्डवेअरचा कोर्स केला होता. शनिवार-रविवारचा कोर्स. त्याचं सर्टिफिकेट आईनं लॅमिनेशन करून बाहेरच्या खोलीत, आजोबांच्या फोटोशेजारी लावलं होतं. त्यामुळे आमच्या नात्यात कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की मला बोलवायचे, आणि मी जाऊन आलो की दुकानदाराला बोलवायचे.

अश्विनीनं मशीन लावून इमारत दाखवली. सुंदर होती, पण फिरताना चित्र अडखळत होतं. मी मान हलवली आणि डॉक्टर जसं एक्स-रे काढायला सांगतात तसं सांगितलं की ग्राफिक्स कार्ड बदलावं लागेल. म्हणजे पडद्यावर चित्र काढायचं काम ज्याच्याकडे असतं तो भाग. दुसऱ्या दिवशी आम्ही शहरात शालिमारजवळच्या एका दुकानातून चांगलं दणदणीत कार्ड घेऊन आलो. सोबत, भाऊ म्हणून माझ्यातर्फे भेट, मी कॅबिनेटमध्ये बसवायचा निळ्या दिव्यांचा एक पंखा घेतला. त्याचा कामाशी काही संबंध नव्हता. पण चालू केला की कॅबिनेटमधून असा निळा उजेड पडायचा की पाहणाऱ्याला वाटावं, आत नक्कीच काहीतरी मोठं चाललंय.

कार्ड मीच बसवलं. आत वीजपुरवठ्याच्या वायरींपैकी एकच प्लग रिकामा लोंबत होता. तो मी दिव्यांना दिला. कार्डासोबत माहितीची जाडजूड घडी आली होती, जगातल्या बऱ्याच भाषांत छापलेली. त्यात मराठी नव्हती, म्हणून मी ती स्वाभिमानानं बाजूला ठेवली. मशीन चालू झाल्यावर पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. भरपूर मजकूर होता. मला वाटलं जाहिरात असेल. 'हे परत दाखवू नका' असं जिथं लिहिलं होतं तिथं खूण करून मी ती कायमची बंद केली.

निळे दिवे लखलखले. अश्विनीनं इमारतीचं फाटक उघडलं आणि आत पाऊल टाकलं. ते पाऊल जमिनीला टेकेपर्यंत आई चहा करून घेऊन आली.

नवं कार्ड जुन्यापेक्षा सावकाश चालत होतं. मी वेग मोजायचा एक छोटा प्रोग्राम लावला. अशा कार्डाचा कामाचा एक वेग असतो, त्याला क्लॉक स्पीड म्हणतात. खोक्यावर तो मोठ्या अक्षरांत छापला होता. आमचं कार्ड त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हतं. गंमत म्हणजे ते दमतही नव्हतं. सोपं चित्र दिलं तरी तोच आकडा, अख्खी इमारत दिली तरी तोच. गाडी रिकामी असो की भरलेली, बैल आपली चाल सोडत नाही, तसं.

मी दुकानदाराला फोन लावला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. मी तो सवयीनं मोठ्यांदा पुन्हा उच्चारला. "काय? कार्डाला पॉवर नीट पोचतेय का?"

अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला, उठले आणि माझ्या हातातून फोन घेतला. पुढचा बराच वेळ त्या माणसाला कोळसा कुठून येतो, तो जळतो कसा, वाफ कशी होते, टर्बाइन कसं फिरतं आणि तिथून आमचं घर किती जवळ आहे, हे सगळं ऐकावं लागलं. एवढ्यावर न थांबता अण्णांनी मीटर आणून भिंतीतल्या सॉकेटचा दाब मोजला आणि तो आकडाही त्याला फोनवर ऐकवला. "एकलहऱ्यात वीज कमी पडते म्हणतोस? बाळा, तुझ्या दुकानातले दिवे कोण लावतं?" त्यानंतर त्या दुकानदारानं आमचा फोन कधीच उचलला नाही.

अशा रीतीनं वीज हे कारण निकालात निघालं. आमच्या घरापुरता तो विषय घराण्याच्या अब्रूचा होता.

मग मी इतर कारणांच्या मागे लागलो. आधी कॅबिनेट उघडलं तर पंख्यात द्राक्षाच्या कागदाचं एक कातरण सापडलं. मी ते चिमट्यात धरून सगळ्यांना दाखवलं आणि रोग सापडल्याचं जाहीर केलं. आईनं खोलीत येऊन ते बघितलं आणि भावाच्या पॅकिंगवर ठपका येतोय म्हणून जरा घुश्शातच परत गेली. मशीन लावलं. आकडा तोच.

संध्याकाळी मामांचा फोन आला. काम कुठवर आलं म्हणून विचारत होते. मी सांगितलं की जरा क्लॉक स्लो आहे.

 मग मामा म्हणाले, "मग सेल बदला की."

मी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र आठवलं की मदरबोर्डवर खरोखरच बटणाएवढा एक सेल असतो. कोर्समध्ये शिकवला होता. नाशिकरोडला जाऊन मी घड्याळवाल्याकडून नवा सेल आणला आणि बसवला. त्याचा एवढाच परिणाम झाला की कॉम्प्युटरची तारीख कित्येक वर्षं मागे गेली. अश्विनीच्या सगळ्या फायली भविष्यकाळात जाऊन बसल्या, आणि कार्ड होतं तिथंच राहिलं. मामांना मी कळवलं की सेल नवा टाकलाय. ते म्हणाले, बरं झालं.

पुढे मी सायबर कॅफेत बसून कार्डाचं नवं सॉफ्टवेअर उतरवून आणलं. ते टाकल्यावर पडद्यावरची सगळी अक्षरं मोठी झाली. एवढी मोठी की आईला स्वयंपाकघरातून वाचता येऊ लागली. वेग तोच.

मग मला साक्षात्कार झाला की कार्ड तापतंय. तापलेलं कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतं, हे मला पक्कं माहीत होतं. अण्णांचा वाळ्याचा कूलर मी ओढत आणून उघड्या कॅबिनेटसमोर लावला. कूलरनं जोरात फुंकर मारली आणि कीबोर्डवर दव पडलं. अश्विनीनं टॉवेल आणला, मशीन पुसलं आणि कूलर पुन्हा बाहेरच्या खोलीत ढकलून आली. ती फार शहाणी मुलगी होती. मोठ्या भावाला काय बोलायचं, म्हणून गप्प राहायची. मला तिच्या त्या गप्प राहण्यानं आणखी चेव यायचा.

मी कार्डावरचा पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा स्क्रू काढून सोडवला. ठोकळा आणि चिप यांच्यामध्ये राखाडी रंगाची एक पेस्ट असते. चिपची उष्णता ती ठोकळ्याकडे नेते. ती वाळली असेल म्हणून मी खरवडून काढली. काढल्यावर लक्षात आलं की नवी पेस्ट आपल्याकडे नाही आणि दुकानदार फोन उचलत नाही. कोर्समधला एक मित्र सांगायचा की अडीअडचणीला टूथपेस्ट चालते. घरात लवंगेची टूथपेस्ट होती. मी ती दाढीच्या ब्लेडनं हलक्या हातानं, घर रंगवणाऱ्या माणसासारखी एकसारखी पसरली.

सकाळी अण्णांनी ट्यूब दाबली तर निघाली फक्त हवा. आईनं त्यांना मीठ दिलं.

पण तापमानाचा आकडा झकास आला. अगदी गार. मी अश्विनीला अभिमानानं दाखवलं की बघ, तापण्याचा प्रश्न मुळापासून मिटला. (मुळात निम्म्या वेगानं रेंगाळणारं कार्ड तापेल कशाला, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.) वेग अर्थातच जिथल्या तिथं होता.

शुक्रवारी कामावरून आलो तर मशीन बंद होतं. अश्विनी जमिनीवर मोठा कागद पसरून पेन्सिलनं काढत बसली होती. गच्ची झाली होती, जिना चालू होता.

"दादा, मी कागदावरच दाखवते," ती म्हणाली. मान वर केली नाही. "तू खूप केलंस. होतं कधी कधी."

मी म्हटलं, अजून शनिवार आहे.

"भाऊसाहेबांना कागद चालतील. त्या दुसऱ्या आर्किटेक्टनंही कागदच दिलेत." मग ती थांबली आणि पेन्सिलीला टोक करू लागली. "फक्त बाबांनी गावात सगळ्यांना सांगून ठेवलंय. माझी पोरगी घर बांधायच्या आधी त्यातून फिरवून आणते म्हणून. बाबा कुणाला कधी काही सांगत नाहीत रे. हेच एक सांगितलं."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. हे मी विनोदानं सांगत नाही.

शनिवारी दुपारी मामा आणि मामी आले. मामी म्हणजे मामांच्या बरोबर उलट. बोलक्या, अघळपघळ, आणि जेवण झालं की जगात काहीही चाललेलं असो, घटकाभर आडव्या होणाऱ्या. आईनं त्यांना अश्विनीला दिलेल्या खोलीत चटई टाकून दिली. त्या पडल्या, डोळे मिटले आणि लगेच उठून बसल्या.

"वन्सं," त्यांनी माझ्या आईला हाक मारली, "ह्या डब्यातून काय निळं निळं डोळ्यात जातंय. गणपतीच्या मांडवात झोपल्यागत वाटतंय. तेवढं मालवा."

मी मामींना समजावलं की हे मशीन तपासणीसाठी चालू ठेवलंय आणि दिवे त्याला गरजेचे आहेत.

"खरंच गरजेचे आहेत?" अश्विनीनं दारातून विचारलं. तिच्या आवाजात संशय नव्हता, नुसती चौकशी होती. तेच वाईट.

"तसे नाहीत," मी म्हटलं.

मी मशीन बंद केलं, कॅबिनेट उघडलं आणि दिव्यांच्या पंख्याचा प्लग ओढून काढला. खोलीत अंधारलं आणि मामी समाधानानं पुन्हा आडव्या झाल्या. नेमके तेव्हाच अण्णा आत डोकावले. त्यांना आत लोंबणारं वायरीचं टोक दिसलं. कंट्रोल रूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला मोकळं टोक म्हणजे उंबऱ्यात बसलेला साप. त्यांनी सांगितलं की असं टोक उघडं ठेवायचं नाही, थांबा, टेप आणतो. आणि ते टेप शोधायला गेले.

अश्विनी टॉर्च घेऊन माझ्याशेजारी वाकली. वायर टेप लावायला मोकळी करावी म्हणून ती कार्डाच्या मागे हात नेत होती. हात मध्येच थांबला.

"दादा, कार्डाच्या शेपटाला इथं एक खाच आहे. रिकामी."

मी तिला समजावून सांगितलं की कॉम्प्युटरमध्ये पुष्कळ जागा रिकाम्या असतात, पुढेमागे वाढवायला ठेवलेल्या.

"पण ह्या प्लगचाच आकार आहे," ती म्हणाली, आणि माझं बोलणं संपायच्या आत तिनं तो तिथं दाबला. खट् असा आवाज आला. एखादी वस्तू तिच्या जागी गेल्यावर येतो तसा.

आम्ही मशीन लावलं. मी वेगाचा प्रोग्राम उघडला. अश्विनीनं इमारत उघडली. आकडा एकदम उडाला आणि खोक्यावर छापलेल्या ठिकाणी जाऊन बसला. फाटक उघडलं. आम्ही आत गेलो. व्हरांड्याच्या खांबांच्या सावल्या पायाखालून सरकल्या, दिवाणखाना आला, जिना आला, वळण आलं, आणि आम्ही एका दमात गच्चीवर उभे होतो. समोर लांबवर द्राक्षाच्या ओळी. कुठं अडखळणं नाही, काही नाही. अश्विनी पुन्हा खाली आली, पुन्हा वर गेली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. मामी कधी उठून बसल्या होत्या कळलं नाही. "पाय न दुखता वर गेली की ग," म्हणाल्या.

अण्णा टेप घेऊन आले. अश्विनीनं त्यांना सांगितलं की कार्डाला वीज पोचत नव्हती, म्हणून ते जेमतेम जगण्यापुरतं चालत होतं.

अण्णा पडद्याकडे बघत राहिले. "म्हणजे आमच्या घरात वीज कमी पडत होती?"

"तसं नाही, आतोबा. जो प्लग कार्डाचा होता तो दिव्यांना लावलेला होता."

"कुणी?"

 सगळे माझ्याकडे बघत होते, आणि भिंतीवरचं सर्टिफिकेट नशिबानं बाहेरच्या खोलीत होतं. अण्णांनी टेपचं रीळ खिशात टाकलं.

"म्हणजे तुटवडा नव्हता," ते म्हणाले. "वाटप चुकलं." आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी शांती आली. अख्ख्या राज्याच्या लोडशेडिंगबद्दल त्यांचं हेच मत होतं.

रविवारी सकाळी भाऊसाहेब आले. पांढरे कपडे, भरदार मिशा, सावकाश चाल. आईनं पोहे केले होते. मामा कोपऱ्यात खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. अश्विनीनं सुरुवात केली आणि भाऊसाहेबांचा पोह्यांचा चमचा वाटेतच थांबला. ते स्वतःच्या मळ्यात, स्वतःच्या न बांधलेल्या घरात चालत होते. बसल्या जागी त्यांनी जिन्यावर डोकं वाचवायला किंचित मान खाली घातली. मी मागे उभा राहून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

तेवढ्यात लवंगेचा वास आला.

पहिल्यांदाच इतका वेळ पूर्ण वेगानं, सलग चालणारं कार्ड आता खरोखर तापत होतं. आणि त्याची उष्णता ठोकळ्याकडे न्यायची जबाबदारी मी टूथपेस्टवर सोपवली होती. भाऊसाहेबांनी नाक वर केलं आणि वास कसला येतोय म्हणून विचारलं. आईनं पटकन सांगितलं की जेवणानंतर विडा करणार आहोत. भाऊसाहेब जेवायला थांबणार नव्हते, पण त्यांना बरं वाटलं.

मग गच्चीवरच्या आकाशात रंगीत ठिपके दिसू लागले. आधी थोडे, मग थवाच्या थवा.

"ही पाखरं काढलीत का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"हो," अश्विनी म्हणाली. "संध्याकाळची येतात." तिचा हात माउसवर स्थिर होता. पण तिनं माझ्याकडे एकदा असं बघितलं की मी टेबलाखाली शिरलो, कॅबिनेटचं झाकण काढलं आणि वर्तमानपत्रानं वारा घालू लागलो. अण्णा परिस्थिती ओळखून टेबल फॅन घेऊन आले आणि तो हातात धरून उभे राहिले. मामी स्वयंपाकघरातून सूप घेऊन आल्या आणि धान्य वारवावं तशा, भान हरपून, कॅबिनेटला वारा घालू लागल्या. भाऊसाहेब वळले. त्यांना दिसलं ते असं: एक सद्‌गृहस्थ ताठ उभं राहून पंखा धरताहेत, एक बाई सुपानं हवा पाखडतेय आणि एक तरुण टेबलाखाली आहे.

"हे काय चाललंय?"

"कूलिंग," अण्णा म्हणाले. कंट्रोल रूममधून बोलल्यासारखे. भाऊसाहेबांनी समजल्यागत मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे वळले.

"पोरी, गाड्या कुठं लावायच्या? त्या दुसऱ्या सायबानं फाटकालगतची बाग काढायला सांगितली हाय."

अश्विनीनं त्यांना इमारतीच्या मागे नेलं. तिथं मळ्याचा खडकाळ तुकडा होता, जिथं काही पिकत नव्हतं. गाड्या तिथं. इमारतही तिनं थोडी तिरपी बसवली होती, वेलींच्या ओळींच्या बाजूनं. "एकही वेल काढावी लागणार नाही," ती म्हणाली. "वेल फळावर यायला किती वर्षं जातात ते मी घरी बघितलंय."

 पडद्यावर ठिपकेच ठिपके झाले आणि तो एकदम काळा पडला.  मी टेबलाखालून अश्विनीच्या पावलांकडे बघत होतो. एक पाऊल हळूच दुसऱ्यावर चढलं.

"बंद पडलं वाटतं," भाऊसाहेब म्हणाले. "असू दे. बघायचं ते माझं बघून झालंय." त्यांनी उरलेले पोहे संपवले, बशी खाली ठेवली आणि मामांकडे वळले. "शांतारामभाऊ, पायाभरणी द्राक्षाचा हंगाम उरकल्यावर धरू. चालेल का तुमच्या पोरीला?"

मामा उठले, "तिलाच इचारा" एवढंच म्हणाले, बाहेर गेले आणि पिकअपच्या चाकांची हवा बघत बसले. चाकं ठीक होती.

ती इमारत उभी राहिली. फाटकालगतची बाग आजही तशीच आहे आणि मामा दर हंगामात कुठल्या ना कुठल्या पाहुण्याला ती दाखवायला नेतात. कार्डालाही नवी पेस्ट मिळाली आणि पुढे कितीतरी इमारती त्यानं फिरवून आणल्या. अश्विनीचं आता गंगापूर रोडला स्वतःचं ऑफिस आहे. काचेचं दार, ओळीनं लावलेले मोठे मोठे कॉम्प्युटर, त्यांवर वाकलेली तरुण मुलं. मी कधी सहज डोकावलो की ती सगळी मुलं एकदम उठून उभी राहतात. सुरुवातीला मला फार बरं वाटायचं. आजकाल वयानं मोठ्या माणसाला एवढा मान कोण देतं? मग एकदा नीट बघितलं, तेव्हा लक्षात आलं. ती नुसती उभी राहत नाहीत. प्रत्येक जण माझ्या आणि आपल्या कॉम्प्युटरच्या मध्ये उभा राहतो.